यादीत न आलेली विहीर

प्रेमिला गजभिये आमच्या नागपूरच्या पाणी तपासणी केंद्रात लागली ती हिशेबाचं यंत्र फिरवायला. चौऱ्याहत्तर साल होतं. लोखंडी यंत्र, बाजूला दांडा. आकडे खुंट्यांवर लावायचे आणि दांडा फिरवायचा, की खडखड करत गुणाकार तयार. दिवसभर ते फिरवून तिचा खांदा भरून यायचा, पण चेहऱ्यावर दिसायचं नाही. मी वरच्या मजल्यावर रसायनाच्या प्रयोगशाळेत होते. आम्ही विहिरींचं पाणी तपासायचो आणि आकडे खाली तिच्याकडे पाठवायचो. तिथून आमची ओळख.

ती इंदोऱ्यात राहायची. वडील धोंडबा गिरणीत सूतकताई खात्यात होते; ती कॉलेजात असतानाच ते गेले. आई तुळसाबाई विड्या वळायची. प्रेमिलानं बी.एस्सी.चा अभ्यास मांडीवर सूप घेऊनच केला, एक डोळा पुस्तकावर आणि एक तेंदूच्या पानावर. बोटांना तंबाखूचा वास यायचा म्हणून प्रॅक्टिकलला शेजारची मुलगी टेबल बदलून घ्यायची, हे तिनं मला हसत सांगितलं होतं. हसत सांगितलं म्हणजे ती ते विसरली होती असं नाही. छप्पन साली धोंडबांनी दीक्षा घेतली तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची. त्या घरात मुलीनं शिकायचं की नाही यावर कधी बोलणंच झालं नाही. ते ठरलेलंच होतं. लग्नाची मात्र दोनदा बोलणी झाली आणि मोडली. त्याविषयी तिनं मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शहाऐंशी साली दिल्लीच्या एका योजनेतून आम्हाला काँप्युटर मिळाला. त्याच्यासाठी खोलीला एसी लागला, दाराला पडदा लागला, आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. बाकीचे लोक देवळात डोकावावं तसे दारातून डोकावून परत जायचे. प्रेमिला आत गेली. पुण्याला जाऊन युनिक्स आणि सी भाषा शिकून आली आणि तीन वर्षांत ती खोली तिची झाली. "गजभिये मॅडमला विचारा," असं साहेब लोकसुद्धा म्हणायला लागले. पगार काही फारसा वाढला नाही. पण तिची चाल बदलली हे मी पाहिलं.

तिचे साहेब म्हणजे मार्तंड देशकर. धरमपेठेतले, हुशार, मनानं चांगले, पण वरून फोन आला की आवाज खाली जायचा. एकोणनव्वद साली ते तीन महिने अमेरिकेत प्रशिक्षणाला गेले आणि दिवाळी झाल्यावर परतले. येताना तिकडच्या विद्यापीठातून एक टेप घेऊन आले. त्यात पर्ल नावाची नवी भाषा होती. इतकी नवी, की तिचं पुस्तकही निघालं नव्हतं. टेपमधलं माहितीचं प्रकरण छापून काढलं, तेवढाच आधार.

"प्रेमिलाबाई, विहिरींचा प्रोग्राम यात लिहून बघा," साहेब म्हणाले. "सीमध्ये दहा पानं लागतात ते इथं एका पानात होईल."

आणि झालं. मी तिला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं असेल. कँटीनमध्ये चहा थंड होत होता आणि ती मला समजावत होती, जणू मलाही उद्या प्रोग्राम लिहायचा होता.

"सीमधी कसं असते ताई, फंक्शनच्या नावापुढं कंस असते. त्यात आधीच लिहून द्यायचं की बा हे येईन, ते येईन. इथं सबरुटीन, म्हणजे प्रोग्रामातला छोटा तुकडा, लिहायचा तं नुसतं नाव लिहायचं. कंसच नाही! बाहेरून जे धाडलं ते सारं एका रांगेत येऊन उभं राहते. अन् त्या रांगेलेही धड नाव नाही."

"मग तिला हाक कशी मारायची?"

तिनं पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहून दाखवलं: @_

"ही तर जिलबी आहे," मी म्हटलं, "आणि खाली रेघ."

ती खळखळून हसली. "जिलबीच हाय. अन् रांगेतला पहिला पाहिजे असला तं असं," म्हणून तिनं पुढं लिहिलं: $_[0]. "मोजणी शून्यापासून. अन् याच्याहून गंमत म्हणजे, बोलावताना कंस लिहिलाच नाही, तं जुनीच रांग तशीच पुढं जाते. पहिले तं मले काही समजूनच नाही राहिलं. आता मजा येऊन राहिली."

त्या प्रोग्रामला कामं दोनच होती. आमच्या विहिरींत मुख्य प्रश्न नायट्रेटचा. काटोलकडं संत्र्याच्या बागा; बागांना युरिया पडतो, तो पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरतो. पाणी स्वच्छ दिसतं, गोड लागतं. मोठ्या माणसाला सहसा कळतही नाही. पण लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये, असा नियम. रक्त प्राणवायू धरत नाही, बाळ निळं पडू लागतं. अशा विहिरींची यादी आम्ही जिल्हा परिषदेला कळवायचो. दिल्लीला मात्र सगळ्याच विहिरींचा तक्ता लागायचा, आणि त्यांना आकडा वेगळ्या मापात हवा असायचा, नायट्रोजनच्या. त्यासाठी आमच्या आकड्याला साधारण साडेचारनं भागायचं. प्रेमिलानं त्या भागाकाराचं एक छोटं सबरुटीन लिहिलं. विहिरीचा आकडा त्याला द्यायचा, त्यानं भागायचं, उत्तर दिल्लीच्या तक्त्यात जायचं. मग पुढच्या ओळीत आकडा पंचेचाळीसच्या वर आहे का बघायचं. असला तर विहिरीचं नाव जिल्हा परिषदेच्या यादीत.

नोव्हेंबरात निवडणूक होती. निम्मं ऑफिस मतदानाच्या कामाला गेलेलं. एरवी हेडक्लार्क यादी मूळ आकड्यांशी ताडून बघत, तेही नव्हते. दिल्लीहून तारेवर तारा येत होत्या. प्रेमिलानं दिल्लीचा तक्ता हातानं तपासला, एकन् एक आकडा बरोबर. यादीत दोनच विहिरी आल्या होत्या. दोन्ही खरोखर भयंकर खराब होत्या, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून पाणी सुधारलं असेल, असं साहेबही म्हणाले. तक्ता दिल्लीला गेला, यादी जिल्हा परिषदेत गेली.

डिसेंबरच्या मध्याला देवाजी काटोलची फेरी करून परत आला. देवाजी आमचा जीपचा ड्रायव्हर. बाटल्या भरून आणायचं कामही तोच करायचा. कँटीनमध्ये आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"चिचखेड्यात एक लेकरू गेलं, मॅडम. दोन महिन्याचं नव्हतं झालं. ओठ निळे पडले होते म्हणे, नखं निळी. काटोलच्या दवाखान्यात नेलं, त्याईनं नागपूरले धाडलं. रस्त्यातच संपलं."

"कोणत्या घरचं?" प्रेमिलानं विचारलं.

"बागेजवळच्या वस्तीतलं. आपण जिथली बाटली भरतो ना, त्याच विहिरीच्या बाजूचं."

चिचखेडा हे नाव मला आठवत होतं, कारण तो नमुना मी स्वतः दोनदा तपासला होता. "त्या विहिरीचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता," मी म्हटलं. "मी खाली पाठवला होता."

प्रेमिला माझ्याकडं बघत राहिली. "अठ्ठ्याऐंशी? ताई, मंग ते यादीत यायले पाहिजे होतं."

"आलं नव्हतं?"

ती उठली. चहाचा कप तसाच राहिला.

त्या दुपारी मी तिच्या खोलीत बसून होते. चपला बाहेर, पायाला फरशी गार लागत होती. आधी तिला वाटलं, आकडा भरतानाच चुकला असेल. काढून पाहिला, अठ्ठ्याऐंशीच भरलेला होता. मग तिला त्या कंस न लिहिता बोलावण्याच्या प्रकाराची शंका आली, कुठंतरी जुनी रांग पुढं सरकली असेल. पण तिनं कंस घातलेले होते. मग तिनं प्रोग्रामला सांगितलं, की सबरुटीनला बोलावण्याआधी विहिरीचा आकडा छापून दाखव आणि परत आल्यावर पुन्हा छापून दाखव.

आधी आला अठ्ठ्याऐंशी. नंतर आला एकोणीस पूर्णांक काहीतरी.

"मी तं याले हातच नाही लावला," ती काँप्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाली. "मधात काहीच नाही, ताई. मधात फक्त बोलावणं हाय."

सबरुटीनमध्ये भागाकाराची ओळ एवढीच होती:

$_[0] = $_[0] / 4.43;

तिनं साहेबांना बोलावलं. देशकर साहेब ते छापील प्रकरण घेऊन आले. लांबच लांब जोडकागद, कडेला भोकं असलेला. टेबलावर पसरून दोघं वाचू लागले. साहेब एकेक ओळ वाचत खाली सरकत होते. मग त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं आणि चष्मा वर केला.

"रांग आत नवीन तयार होते," ते म्हणाले, "पण रांगेतल्या किमती नव्या नसतात. त्या बाहेरच्याच असतात."

"म्हणजे, सर?"

"सीमध्ये तुम्ही आकडा पाठवला की त्याची प्रत जाते. तिचं आत काहीही करा, बाहेरचा जिथल्या तिथं राहतो. इथं प्रत होतच नाही. शून्य नंबरला जो उभा आहे तो बाहेरचाच आकडा, फक्त दुसऱ्या नावानं. तुम्ही त्याला भागलंत, म्हणजे बाहेरच्यालाच भागलंत."

"अन् मंग पुढच्या ओळीत पंचेचाळीसशी ताडला तो..."

"तो भागलेला."

म्हणून दिल्लीचा तक्ता बरोबर होता. तिथं भागलेलाच आकडा हवा होता. आणि यादीत फक्त त्या दोन विहिरी आल्या, ज्या भागल्यावरही पंचेचाळीसच्या वर उरण्याइतक्या खराब होत्या. बाकीच्या, पन्नासच्या, सत्तरच्या, अठ्ठ्याऐंशीच्या, सगळ्या चांगल्या ठरल्या.

"प्रत पाहिजे असली तं कशी करायची?" तिनं विचारलं.

"सुरुवातीलाच. लोकल म्हणून स्वतःचं एक नाव द्यायचं आणि रांगेतलं त्यात घ्यायचं. मग भागा, गुणा."

"एक ओळ."

"हो. एकच ओळ."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाले माहीत होतं, सर?"

"नाही," साहेब म्हणाले. "मी वाचलं होतं हे वाक्य. पण याचा अर्थ असा होतो हे नव्हतं लक्षात आलं." ते खरं बोलत होते.

तिनं ती ओळ घातली. प्रोग्राम पुन्हा चालवला. छपाईचं यंत्र किरकिरत राहिलं आणि यादी लांबत गेली. चिचखेडा मध्येच कुठंतरी आलं. प्रेमिलानं कागद फाडून घेतला नाही. तसाच लोंबकळू दिला.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सुधारित यादी जिल्हा परिषदेत पाठवली. कारण लिहिलं नव्हतं. प्रेमिला त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा मी सोबत होते.

"कारण लिहायले पाहिजे, सर."

"कशाला? यादी गेली, महत्त्वाचं ते झालं. आणि खरं सांगू का प्रेमिलाबाई, नोव्हेंबरात नाव गेलं असतं तरी काय झालं असतं? कागद अजून कुणाच्या तरी टेबलावर पडलेला असता. मागच्या वर्षीच्या यादीचं काय झालं? एका तरी विहिरीवर पाटी लागली?"

लागली नव्हती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. प्रेमिला म्हणाली, "ते त्याईचं झालं, सर. हे माह्यं हाय."

दोन दिवसांनी ती देवाजीच्या जीपमधून चिचखेड्याला गेली. तिथं काय झालं ते मला देवाजीनं सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

वस्ती लहान, बागेच्या कुंपणाला लागून. बागेत संत्र्यांची तोडणी चाललेली, खोके भरणं चाललेलं. बाळाची आई गोपिका तोडणीलाच जायची. बाळंतपणानंतर लवकरच कामावर गेली, दूध पुरेना, म्हणून सासू रंभाबाई डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायची. गोपिका त्या दिवशी घरीच होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली विझलेली मेणबत्ती. प्रेमिला दारात थबकली, मग आत गेली; देवाजी उंबऱ्याशीच उभा राहिला.

"बस वं माय," रंभाबाई म्हणाली. "कुठून आली?"

"नागपूरहून. पाणी तपासतो आमी."

रंभाबाईनं तिचं आडनाव विचारलं, माहेर-सासर विचारलं, इंदोऱ्यात आपलाही एक चुलतभाऊ राहतो म्हणाली. मग प्रेमिलानं सांगायला सुरुवात केली. या विहिरीचं पाणी लहान लेकराला चालत नाही. ते नोव्हेंबरात कळवायचं होतं. तिच्या हातून चूक झाली, म्हणून विहिरीचं नाव गेलं नाही. देवाजी म्हणाला, मॅडम नीट बोलत होत्या, रडल्या नाहीत, पण हात पदरात धरून ठेवले होते.

रंभाबाईला ते पटेना. "पाणी तं गोड हाय, बाई. आमी सारे याच पाण्यावर वाढलो. माह्या पोराले याच पाण्यानं वाढवलं. डाक्टर म्हणे, काळजातच खोट असंन."

"असूही शकते," प्रेमिला म्हणाली. "मले नक्की नाही सांगता येत."

आणि ते खरंच कुणालाच सांगता आलं नसतं. नायट्रेटनं बाळं निळी पडतात. जन्मतः हृदयात दोष असला तरी पडतात. बाळ दवाखान्यात पोचण्याआधीच गेलं, तपासणी झाली नाही.

गोपिका इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं. "मंग आता कोणतं पाणी प्यायचं?"

दुसरी विहीर गावात होती, लांब. तिथं या वस्तीनं सहजासहजी पाणी भरावं अशी गावाची रीत नव्हती. प्रेमिलानं सांगितलं, की मोठ्यांनी हेच प्यायलं तरी चालेल, लेकरांसाठी गावातलं आणा, मी हातपंपासाठी लिहिते. गोपिका उठली, आत गेली आणि पितळेच्या गडव्यात पाणी घेऊन आली. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, तसं. प्रेमिला ते सगळं प्यायली. मग रिकामा गडवा तिनं गोपिकेच्या हातात दिला.

वर्ष संपता संपता केंद्राची मासिक बैठक झाली. शेवटचा विषय झाल्यावर प्रेमिला उभी राहिली आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, काय चुकलं, कसं चुकलं, ती ओळ कोणती. फळ्यावर लिहूनही दाखवलं. देशकर साहेब टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग चहा आला. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "कोट्यातून घेतल्यावर दुसरं काय होणार." ते हलक्या आवाजात असलं तरी तिच्या कानापर्यंत जाईल इतपत होतं. ती माझ्या पुढं दोन पावलं चालत होती. चालण्यात काही फरक पडला नाही.

जानेवारीत तिनं अर्ज देऊन स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. साहेबांनी आधी नाही म्हटलं, पुन्हा अर्ज आल्यावर सही केली. मला राहवलं नाही, म्हणून एका रविवारी मी इंदोऱ्याला गेले. तुळसाबाई दारात उन्हाला बसून विड्या वळत होती. माझ्यासाठी सतरंजी टाकली.

"तुमी तरी सांगा तिले," म्हातारी म्हणाली. "एवढी मशीनवर बसत होती, साऱ्या मोहल्ल्यात नाव होतं. आता म्हणते, बाटल्या मोजते. काहून सोडलं वं, तं सांगतच नाही."

प्रेमिला आतून चहा घेऊन आली आणि आईजवळ बसली. हातांनी सवयीनं एक पान उचललं, कात्रीनं कापलं.

"प्रोग्राम आता नीट चालतो आहे," मी म्हटलं. "तुझ्या जागी आलेला मुलगा सांगत होता, तुझं लिखाण इतकं स्वच्छ आहे की त्याला काही विचारावं लागलं नाही."

"चालू द्या."

"साहेबांनाच कळलं नव्हतं ते, प्रेमिला. तुला कुठून कळणार?"

"कळत होतं, ताई. अर्धं." तिनं पानात तंबाखू भरला. "लिहिताना मले वाटलं होतं, की हे नाव कायचं, याले नीट पाहावं एकदा. पण चालून राहिलं होतं ना. अन् लय आनंद झाला होता. आता समजलं मले सारं ते, रांग काय, कंस काय. कोणी विचारलं तं झोपेतून उठून सांगीन." विडीला दोरा गुंडाळून तिनं ती सुपात टाकली. "पण आता नवं काही शिकावं असं वाटूनच नाही राहिलं."

तुळसाबाई तिच्याकडं बघत होती. मी चहा संपवला. हातपंपाचं काय झालं, असं विचारायचं माझ्या मनात होतं. पण देवाजी आदल्याच आठवड्यात जाऊन आला होता आणि मला ते माहीत होतं. हातपंप बसला नव्हता; विहिरीवर धोक्याची खूण म्हणून लाल रंगाचा एक पट्टा मारला होता, पाटी नव्हती, आणि बायका तिथंच पाणी भरत होत्या.

प्रेमिला निवृत्त होईपर्यंत स्टोअरमध्येच राहिली. बाटल्या, फिल्टरचे कागद, ॲसिडचे कॅन मोजून द्यायची. काँप्युटरची खोली त्याच मजल्यावर होती, चार दारं पलीकडं. मी कधी तिला तिकडं वळताना पाहिलं नाही.